खिडकीपासून सुरुवात

वीज आयोगाच्या कचेरीत पुकारे नावाचे एक गृहस्थ होते. पुकारे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. सुनावणीच्या दालनाच्या दारात उभं राहून ज्याची पाळी असेल त्याचा पुकारा करायचा, हे त्यांचं काम. पण ते काम त्यांनी इतकी वर्षं केलं की नव्याने लागलेल्या कारकुनांना ते आडनावच वाटायचं, आणि एकदा तर ओळखपत्रावरही तेच छापून आलं. पुकाऱ्यांनी ते बदलून घेतलं नाही. बदलून घ्यायचं म्हणजे कोणाला तरी जाऊन सांगावं लागलं असतं, आणि सांगणं ही गोष्ट ते शक्य तोवर टाळत आले होते.

कारण पुकारे तोतरे होते. थोडेथोडके नव्हे, चांगलेच. चहावाल्याकडे चहा मागायचा तरी ते आधी बोट दाखवत. घाबरलेला माणूस त त प प करतो असं आपण सहज म्हणतो; पुकारे काही न घाबरताही तेच करत. ते बोलायला लागले की समोरचा माणूस दोन शब्दांतच अधीर व्हायचा आणि त्यांचं वाक्य स्वतःच पुरं करून मोकळा व्हायचा. बहुतेक वेळा चुकीचं पुरं करायचा. पुकारे मान डोलवत आणि भलतंच काहीतरी घेऊन घरी येत. एकदा त्यांना डोकेदुखीची गोळी हवी होती आणि दुकानदाराने मोठ्या आपुलकीने जुलाबाची बांधून दिली. (त्यांचं अडखळणं मी इथे जसंच्या तसं लिहीत बसणार नाही. तेवढा कागद माझ्याकडे नाही, आणि त्यांनाही ते आवडलं नसतं.)

मग असा माणूस पुकारा करायच्या कामावर लागला कसा, असं कोणीही विचारील. तर त्यांचे वडील धार लावायचे. सायकलवर चाक बसवून गल्लीगल्लीतून फिरायचे, आणि लहानपणी पुकारे त्यांच्याबरोबर जायचे. घरात पाणी मागताना घाम गाळणारा हा पोरगा गल्लीच्या तोंडाशी मात्र 'चाकूऽ, कात्र्याऽ, धाऽर लावून घ्याऽ' अशी आरोळी ठोकायचा, आणि ती कशी, लोण्यातून सुरी फिरावी तशी. चालीत बोललं की शब्द अडत नाहीत, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं. पुढे आयोगात शिपायाची जागा निघाली तेव्हा मुलाखतीत ते आपलं नावही सांगू शकले नाहीत. तेव्हाचे सचिव कंटाळून म्हणाले, बाहेरच्या पुढच्या उमेदवाराला तरी बोलवा. पुकाऱ्यांनी दार उघडलं आणि वडिलांच्या चालीत त्या उमेदवाराचं नाव असं काही लावलं की जिन्यातल्या लोकांनीही वर पाहिलं. ज्याला बोलावलं तो बिचारा तसाच परत गेला आणि बोलावणारा नोकरीला लागला.

लग्नही याच नोकरीच्या कृपेने झालं. गणवेश शिवून घ्यायला ते एका दुकानात गेले होते. तिथे माप घेणारी मुलगी तोंडात टाचण्या धरून कोट बेतत होती. पुकारे तिला सांगायला लागले की बाही जरा आखूड हवी, आणि 'बाही'वरच अडकले. ती गप्प राहिली. त्यांच्या तोंडाकडे न बघता बाहीकडे बघत उभी राहिली आणि वाक्य संपल्यावर बाही दुमडली. पुकाऱ्यांना वाटलं, तोंडात टाचण्या आहेत म्हणून बोलली नसेल बापडी. खात्री करून घ्यायला ते पुन्हा गेले, मग पुन्हा गेले. टाचण्या नसतानाही तिने त्यांचं वाक्य कधी पुरं केलं नाही. लग्नानंतरही नाही. भांडणातही नाही, आणि बायकोच्या बाबतीत ही साधी गोष्ट नव्हे. ते अडले की ती हातातलं काम चालू ठेवायची आणि थांबायची. आपल्यासाठी जगात एक माणूस थांबतं, एवढ्यावर पुकाऱ्यांचा संसार सुखाचा चालला होता.

आता मथळ्यातल्या त्या खिडकीबद्दल.

आयोगापुढे जनसुनावणी असली की विजेच्या दराबद्दल, नव्या नियमाबद्दल ज्याला काही म्हणायचं असेल तो येऊन म्हणू शकतो. कायद्यात तसं आहे. पण कायदा करणाऱ्यांनी ते दालन पाहिलेलं नसावं. वर उंच चौथरा, त्यावर तीन खुर्च्या, मधली जरा जास्तच उंच. खाली वकिलांची टेबलं, आणि मधोमध बोलणाऱ्यासाठी एक छोटं टेबल, त्यावर माइक. बटण दाबलं की माइकवर लाल दिवा लागतो, आणि तो दिवा लागला की साध्या माणसाची जीभ टाळूला चिकटते. घरून घोकून आणलेलं असतं, 'माननीय अध्यक्ष महोदया, सदर मसुद्यातील', आणि त्या 'सदर'च्या पुढे गाडी सरकत नाही. पुकारे दारात उभे राहून हे बघायचे. अडकणं म्हणजे काय, हे त्या इमारतीत त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

तेव्हा त्यांनी एक तोडगा काढला होता. दालनामागच्या बोळात पिण्याच्या पाण्याचं यंत्र होतं आणि शेजारी एक बाक. पहिल्यांदाच बोलायला आलेला माणूस त्यांना त्याच्या हाताच्या चाळ्यांवरून ओळखू यायचा. त्याला ते बाकावर बसवत आणि आपल्या पद्धतीने, निम्मं बोलून निम्मं खुणांनी, समजावत. घोकलेलं सोडा. डाव्या हाताने टेबलाची कड धरा. आणि पहिलं वाक्य असं म्हणा की जे चुकूच शकत नाही. आज सकाळी खिडकीतून काय दिसलं ते सांगा. ते खरंच असतं, पाठ करावं लागत नाही आणि त्यावर कोणाला हरकत घेता येत नाही. एकदा तोंड उघडलं की मग तुमचं काय ते बोला, आणि घसा सुकला की पाणी प्या. एवढाच त्यांचा वर्ग. पुढचं काय बोलायचं यात ते पडत नसत, कारण पडण्याइतकं त्यांना ते समजतच नव्हतं.

सुनावणीला असे एक-दोघंच असायचे, त्यामुळे हा उद्योग कधी कोणाच्या नजरेत भरला नाही. एखादे आजोबा बोलण्याआधी कावळ्याबद्दल दोन शब्द बोलले, तर वयाचा मान म्हणून खपून जायचं.

मग आयोगाने तो मसुदा काढला. छतावर सौर पॅनेल बसवलेल्यांसाठी आजवर सोपा नियम होता. दुपारी आपल्या गरजेपेक्षा जास्त झालेली वीज कंपनीच्या तारेत सोडायची आणि रात्री तेवढीच परत घ्यायची. दुपारी शेजारणीला वाटीभर साखर दिली, संध्याकाळी वाटीभर आणली, तसं. मसुद्याचं म्हणणं असं की दुपारची साखर आणि संध्याकाळची साखर एक नव्हे. दुपारी सगळीकडेच ऊन, त्यामुळे वीजबाजारात त्या विजेला कोणी विचारत नाही. दिवे लागायची वेळ झाली की तीच वीज मिनतवाऱ्या करून घ्यावी लागते. तेव्हा यापुढे उन्हाच्या वेळी दिलेली वीज उन्हाच्या वेळच्या वापरातच वळती होईल, एरवीची चढ्या दराने घ्या. वितरण कंपनीचे वकील याच बाजूचे होते. ज्यांच्या डोक्यावर स्वतःचं छतच नाही त्यांनी पॅनेलवाल्यांचा भार का उचलायचा, हा त्यांचा प्रश्न काही अगदीच टाकाऊ नव्हता.

पण ज्यांनी जुन्या नियमावर भरवसा ठेवून पॅनेल बसवली होती ते हवालदिल झाले, आणि सुनावणीच्या दिवशी आयोगाचा जिना माणसांनी फुलून गेला. त्यात पाववाल्या बाई होत्या. उजाडायच्या आधी भट्टी लावायची आणि लोक उठायच्या आत पाव तयार ठेवायचे, हा त्यांचा धंदा. विजेची भट्टी घेतली, छतावर पॅनेल टाकली, दुपारी सूर्य त्यांच्यासाठी राबायचा आणि पहाटे त्या. नव्या नियमात त्यांची दुपार एकीकडे आणि पहाट दुसरीकडे पडत होती. बाकावर बसल्या तेव्हा त्यांची बोटं पदराशी नुसती चाळा करत होती आणि नखांच्या कडांत पीठ होतं. त्या पुकाऱ्यांना म्हणाल्या, काका, मी पावांशी तासन् तास बोलते, माणसांपुढे माझं काही निघत नाही.

पुकाऱ्यांनी त्यांना खिडकीचा तोडगा सांगितला. त्यांच्यामागे निवृत्त मुख्याध्यापक उभे होते, त्यांनाही सांगितला. त्यांच्यामागे रांगच लागली होती. पुकाऱ्यांनी सगळ्यांना तेच सांगितलं. एकच औषध सगळ्या गावाला वाटलं तर वास येणार, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

सुनावणी सुरू झाली. मुख्याध्यापक उठले, टेबलाची कड डाव्या हाताने धरली आणि म्हणाले, आज सकाळी खिडकीतून मला पॅनेलवर बसलेली दोन कबुतरं दिसली. मग ते आपल्या मुद्द्यावर आले आणि छान बोलले. त्यांच्यामागून एक परिचारिका आली. तिच्या खिडकीतून दूधवाला दिसला होता. मग एक गवंडी. त्याच्या खिडकीसमोर शेजाऱ्याची भिंत, म्हणून त्याने ती भिंतच सांगितली, प्लास्टर कुठे उडालंय त्याच्यासकट. वर बसलेल्या अध्यक्षबाईंनी चष्मा काढून पुसला. एक जण प्रामाणिकपणे म्हणाला, माझ्या खोलीला खिडकी नाही, पण मी जिन्यात जाऊन बघून आलो. सगळे डाव्या हाताने कड धरत होते आणि सगळे अधेमधे पाणी पीत होते. दारातल्या पुकाऱ्यांच्या कपाळाला एव्हाना घाम फुटला होता.

पाववाल्या बाई उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या, मी उठते तेव्हा खिडकीतून काहीच दिसत नाही, नुसता अंधार आणि रस्त्यावरचा दिवा. आणि त्या पुढे बोलणार, तोच कंपनीचे वकील उठले.

"अध्यक्ष महोदया, ही विजेची सुनावणी आहे की खिडक्यांची?"

दालनात हशा पिकला. वकीलही हसले, पण लगेच त्यांनी आवाज बदलला. हे सगळे लोक एकाच माणसाने पढवून आणलेत, हे लहान मूलही सांगेल, असं ते म्हणाले. जनसुनावणीत लोकांचं स्वतःचं म्हणणं ऐकायचं असतं, शिकवलेलं नाही. तेव्हा या सगळ्यांचं बोलणं कामकाजातून काढून टाकावं आणि ते विचारात घेऊ नये.

हसू विरलं. अध्यक्षबाईंनी पाववाल्या बाईंना विचारलं की हे तुम्हाला कोणी शिकवलं. बाईंनी दाराकडे पाहिलं. पुकाऱ्यांची आणि त्यांची नजरानजर झाली, आणि बाईंनी झटकन मान खाली घातली.

"कोणी नाही," त्या म्हणाल्या. "खिडकी माझीच आहे."

पाठोपाठ अध्यक्षबाईंनी मुख्याध्यापकांना विचारलं, गवंड्याला विचारलं. सगळ्यांनी कानावर हात ठेवले. मुख्याध्यापकांनी आयुष्यभर मुलांना खोटं बोलू नका म्हणून सांगितलं होतं; ते छताकडे बघत म्हणाले की योगायोगाच्या गोष्टी असतात. पाववाल्या बाईंचं बोलणं तसंच अर्धवट राहिलं. हरकतीवर उद्या निर्णय देऊ, असं म्हणून अध्यक्षबाई उठल्या.

सचिवांनी पुकाऱ्यांना खोलीत बोलावून घेतलं. सचिव वाईट माणूस नव्हते. त्यांनी दार लोटलं आणि हळू आवाजात सांगितलं की मी काही विचारत नाही आणि तुम्ही काही सांगू नका. आयोगाच्या नोकराने एका बाजूच्या लोकांना तयार केलं, असं कागदावर आलं तर दालनातलं काम जाईल, कदाचित आणखीही काही. निवृत्ती तोंडावर आलेली, उगाच कशाला? उद्या नेहमीसारखा पुकारा करा आणि दारात उभे राहा. पुकारे काहीतरी म्हणायला गेले, तर सचिवांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून वाक्य पुरं केलं, "हो हो, समजलं मला, काळजी करू नका." त्यांना काहीच समजलेलं नव्हतं. पुकारे म्हणणार होते की मग त्या लोकांच्या बोलण्याचं काय.

संध्याकाळी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. सांगायला बराच वेळ लागला. ती एका शाळेच्या गणवेशांना काजं करत बसली होती. दुकानातलं उरलेलं काम ती घरी आणायची. ते अडले की तिची सुई चालू राहायची. शेवटी ते म्हणाले की ते लोक माझ्यासाठी खोटं बोलले, आणि आता त्यांचं सगळं पुसलं जाणार. खरं सांगायचं तर मला त्या टेबलापाशी जाऊन उभं राहावं लागेल, भरल्या दालनात. आणि मला तिथे चाल लावता येणार नाही.

"मग काय करणार?" तिने विचारलं.

पुकाऱ्यांनी खाली पडलेली एक गुंडी उचलून तिच्या पुढ्यात ठेवली. तिने दोरा तोडला, तो गणवेश घडी घालून ठेवला आणि पुढचा घेतला. जा असंही ती म्हणाली नाही आणि जाऊ नका असंही नाही. ते वाक्य त्यांचं होतं.

सकाळी ती नेहमीप्रमाणे त्यांच्या आधी निघाली, आणि नेहमीप्रमाणे पुकारे खिडकीशी जाऊन उभे राहिले. ही त्यांची सवय लग्नापासूनची. ती जिना उतरते, खांद्यावर पिशवी घेऊन गल्लीतून चालत जाते आणि कोपऱ्यावरून वळते. तिची पिशवी दिसेनाशी होईपर्यंत ते तिथून हलत नसत. ती कधी मागे वळून बघत नसे. बघायचं कारणच नव्हतं, तिला हे ठाऊक नव्हतं. सांगीन सांगीन म्हणता इतकी वर्षं गेली होती.

दालन आदल्या दिवसापेक्षा जास्त भरलं होतं. पुकाऱ्यांनी दारात उभं राहून आपल्या वडिलांच्या चालीत पुकारा केला, आणि तो नेहमीसारखाच स्वच्छ निघाला. वकिलांनी आपली मागणी पुन्हा मांडली. अध्यक्षबाईंनी विचारलं, यावर कोणाला काही सांगायचं आहे का? पाववाल्या बाई मान खाली घालून बसल्या होत्या. सचिवांनी पुकाऱ्यांकडे पाहिलं आणि डोळ्यांनीच नको म्हटलं.

पुकारे दार सोडून निघाले. आधी कोणाला काही वाटलं नाही. शिपाई दालनातून फिरतच असतो. ते मधल्या टेबलापाशी थांबले आणि त्यांनी माइकचं बटण दाबलं, तेव्हा लोक सावरून बसले. लाल दिवा लागला. पुकाऱ्यांनी डाव्या हाताने टेबलाची कड धरली.

"आज," ते म्हणाले. आणि पुढे 'सकाळी' येईना.

ते तिथेच अडकले. ओठ हलत होते, गळ्याच्या शिरा ताठल्या होत्या, माइकमधून नुसता श्वास ऐकू येत होता. मागे कोणीतरी खुर्ची सरकवली. एका वकिलाने दुसऱ्याच्या कानाशी काहीतरी कुजबुज केली. सचिवांना ते बघवेना. ते उठून म्हणाले की महोदया, यांना असं म्हणायचंय की...

"त्यांनाच म्हणू द्या," अध्यक्षबाई म्हणाल्या. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि त्या मागे टेकून बसल्या.

मग दालन थांबलं. तीन खुर्च्या थांबल्या, वकिलांची टेबलं थांबली, कचेरीत ज्यांनी ज्यांनी पुकाऱ्यांची वाक्यं पुरी करून भलत्याच फायली आणून दिल्या होत्या ते सगळे कारकून भिंतीशी उभे राहून थांबले. घरी एका माणसाकडून मिळायचं ते पुकाऱ्यांना तिथे भरल्या दालनाकडून मिळालं. त्यांनी श्वास घेतला आणि सावकाश, खाचखळग्यांतून बैलगाडी यावी तसं, त्यांचं बोलणं बाहेर आलं.

"आज सकाळी खिडकीतून मी माझ्या बायकोला कामावर जाताना पाहिलं. रोज बघतो. ती कोपऱ्यावरून वळेपर्यंत. तिला हे माहीत नाही." ते थांबले, पाणी प्यायले. "खिडकी मी सांगितली. सगळ्यांना मीच सांगितली. बाकीचं त्यांचं त्यांचं आहे."

कोणी हसलं नाही. कंपनीचे वकील उठले. त्यांनी फक्त एकच प्रश्न विचारला, आणि तो हळू आवाजात विचारला. मसुद्याविरुद्ध काय बोलायचं, हे तुम्ही या लोकांना सांगितलंत का?

"नाही," पुकारे म्हणाले. "मला तो मसुदा अजून कळलेला नाही."

आता लोक हसले, पण ते हसणं कालचं नव्हतं. वकीलही हसले, अध्यक्षबाईंना नमस्कार करून म्हणाले की मी हरकत मागे घेतो, आणि बसले. अध्यक्षबाईंनी निर्णय सांगितला. सुरुवात कशी करायची हे सांगणं म्हणजे पढवणं नव्हे, सगळ्यांचं बोलणं कायम राहील. मात्र आयोगाच्या नोकराने हे असं मागच्या बोळात करायला नको होतं, आणि त्याबद्दल त्यांना लेखी समज देण्यात येईल. मग त्या म्हणाल्या की काल बोलणं अर्धवट राहिलेल्या बाईंना बोलवा.

पुकारे दारात परत गेले आणि त्यांनी पाववाल्या बाईंचा पुकारा केला. बाई तर चार हातांवरच बसल्या होत्या, पण पुकारा असा झाला की खालच्या चहावाल्याने मान वर केली. बाई टेबलापाशी आल्या आणि म्हणाल्या, "खिडकी काल सांगून झालीय, आता भट्टीचं सांगते." आणि त्या बोलल्या. भट्टी तापायला किती वेळ लागतो, पाव दुपारी भाजले तर ते कोण घेणार, हे सगळं त्यांनी पाव मोडून द्यावा इतक्या सहज सांगितलं.

पुढचं आधीच सांगून टाकलेलं बरं. आयोगाचा अंतिम नियम आला तेव्हा ज्यांची पॅनेल बसून झाली होती त्यांना जुनाच नियम राहिला, नव्या लोकांना नवा. पाववाल्या बाई वाचल्या. पुढच्या वर्षी पॅनेल बसवायचं ठरवून बसलेली त्यांची नणंद मात्र अडकली आणि तिने बाईंशी काही दिवस अबोला धरला. पुकाऱ्यांना लेखी समज मिळाली आणि काही काळ दालनातून काढून टपाल घेण्याच्या खिडकीवर बसवलं. तिथल्या त्या खिडकीवरून कारकुनांनी त्यांची जी थट्टा केली ती त्यांनी आनंदाने सोसली. वाक्य पुरं करून द्यायची खोड मात्र बहुतेकांची गेली, निदान पुकाऱ्यांपुरती.

पण मला सांगायचंय ते त्याच संध्याकाळचं. सुनावणी संपली, लोक बाहेर पडायला लागले, आणि दार धरून उभ्या असलेल्या पुकाऱ्यांना मागच्या रांगेतून येणारी आपली बायको दिसली. सकाळी दुकानात जाऊन तिने रजा मागून घेतली होती. गडबडीत गळ्यातली मापाची फीत काढायचीही राहिली होती. ती त्यांच्या अगदी जवळून गेली. जाताना तिने त्यांच्या कोटाच्या बाहीला नुसता हात लावला आणि गर्दीबरोबर जिना उतरून गेली.

घरी आल्यावर तिने गळ्यातली फीत काढून ठेवली. दिवा लावला, चहा ठेवला. कप त्यांच्या पुढ्यात ठेवताना मग म्हणाली,

"तुम्ही अडलात ना, तेव्हा आज पहिल्यांदाच तुमचा शब्द माझ्या तोंडात आला होता. अगदी ओठांवर. गिळला."

"मला माहीत असतं तर," पुकारे म्हणाले आणि अडले. ती थांबली. "तू तिथे आहेस हे माहीत असतं, तर मी ते बायकोचं बोललोच नसतो."

"बरं झालं, सांगितलं नाही," ती म्हणाली, आणि डोळे पुसून पुन्हा काजं करायला बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीप्रमाणे आधी निघाली. पुकारे खिडकीशी गेले. आज त्यांना जरा लाजल्यासारखं झालं, पण सवयीचा भाग. ती जिना उतरली, गल्लीतून चालत गेली. चाल तीच, पिशवी तीच. कोपऱ्याशी पोहोचली आणि वळायच्या ऐवजी थांबली. मग तिने मागे फिरून वर पाहिलं आणि हात उंच केला.

पुकाऱ्यांनी खिडकी उघडली. त्यांना तिला हाक मारायची होती, चालीत नव्हे, साधी. ते पहिल्याच अक्षरावर अडकले. ती कोपऱ्यावर तशीच हात वर करून उभी राहिली, त्यांची हाक पुरी होईपर्यंत.